आजारघरातला स्वेटर

आजारघरात गेलेली बशी पाळणाघरात परत यायची नाही, आणि पाळणाघरातल्या निरोगी बशीने आजारघराचं तोंडही बघायचं नाही. हा नियम मावशींचा. तो कुठे लिहून लावलेला नव्हता, कारण लिहून लावलेल्या नियमांचं त्या इमारतीत काय होतं ते मावशी एकतीस वर्षं बघत आल्या होत्या. 'दार हळू लावावे' अशी पाटी ज्या दारावर होती, तेच दार सगळ्यात जास्त आपटायचं.

पाळणाघर म्हणजे संशोधन संस्थेच्या तिसऱ्या मजल्यावरची, पेशी वाढवायची खोली. जेमतेम दहा पावलं लांब, खिडकी नाही, दोन उबदार कपाटं, एक काचेची पेटी, एक सूक्ष्मदर्शक आणि मावशी. कपाटांत तळहाताएवढ्या प्लास्टिकच्या बशा, बशांत गुलाबी पाणी आणि त्या पाण्याखाली माणसाच्या जिवंत पेशी. नुसत्या डोळ्यांना त्या दिसत नाहीत. बशी उजेडात तिरकी धरली तर तळाला आरशावर श्वास सोडल्यासारखा धूसरपणा दिसतो, तीच त्यांची वस्ती. मावशी त्यांना दर दोन दिवसांनी नवा खुराक द्यायच्या, गर्दी झाली की एका बशीच्या चार करायच्या, आणि सुट्टीच्या दिवशीसुद्धा अर्धा तास येऊन सगळ्यांना बघून जायच्या. पाळणाघर हे नाव त्यांनीच पाडलेलं. कॉरिडॉरच्या दुसऱ्या टोकाला, दोन दारांच्या आड, पेशींवर विषाणू सोडायची खोली होती. ती मग आपोआपच आजारघर झाली. संस्थेचे संचालकसुद्धा पाहुण्यांना "हे आमचं आजारघर" असं सांगून जायचे आणि मग घसा खाकरून खरं नाव सांगायचे. ते इतकं लांबलचक होतं की पाहुणे आजारघरच लक्षात ठेवायचे.

नियमामागे कारण होतं. वीस वर्षांपूर्वी एका अतिशहाण्याने आजारघरातली एक बशी 'फक्त सूक्ष्मदर्शकाखाली बघायला' पाळणाघरात आणली. नऊ दिवसांत दोन्ही कपाटं साफ. मावशींनी आपल्या हाताने वाढवलेल्या दोनशे बशा आपल्याच हाताने वाफेच्या भांड्यात टाकल्या आणि त्या दिवशी घरी जाऊन जेवल्या नाहीत. तेव्हापासून त्यांनी कानाला खडा लावला. तशा त्या तापट नव्हत्या, पण पाळणाघराचं दार उघडं टाकून जाणाऱ्या एका गृहस्थांना त्यांनी कॉरिडॉरभर ऐकू जाईल असं सुनावलं होतं. ते नवे संचालक आहेत हे त्यांना नंतर कळलं. कळल्यावरही त्यांनी माफी मागितली नाही, आणि दार मात्र त्यानंतर कुणीच उघडं टाकलं नाही.

एकूण बाई सुखी होत्या. सकाळी वेळेवर यायच्या, संध्याकाळी वेळेवर जायच्या, आणि मधल्या वेळात त्यांच्या हाताखाली लाखो जीव गुण्यागोविंदाने नांदायचे. असं किती जणांना म्हणता येतं?

पण एक गोष्ट होती. त्यांनी वाढवलेल्या पेशींवर आजवर शंभराच्या वर शोधनिबंध निघाले होते, आणि प्रत्येकाच्या शेवटी बारीक अक्षरात आभार मानलेले असायचे: अमुक यांचे, तमुक यांचे, 'आणि इतर तांत्रिक कर्मचाऱ्यांचे'. ते इतर म्हणजे मावशी. त्यांचे यजमान बाइंडर. पुस्तकं शिवायची, पुठ्ठे चढवायचे आणि पाठीवर सोनेरी वर्खाने नावं दाबायची, यात त्यांची हयात गेली. जगातल्या सगळ्यांची नावं त्या हातांनी छापली, घरातलं एक सोडून. त्यामुळे मावशी कामावरून आल्या की ते विचारायचे, "काय इतर, चहा टाकू का?"

"टाका. आणि तुमच्यासारख्या इतरांनाही टाका."

दोघं हसायचे. हसून झाल्यावर थोडंसं काहीतरी उरायचं, ते दोघांनाही माहीत होतं. मग चहा व्हायचा.

आणि निवृत्तीला दोन महिने उरले असताना लगबग पाळणाघरात धाडकन शिरली आणि म्हणाली, "मावशी, निबंधावर तुमचं नाव टाकतोय आम्ही. आभारात नाही हां, वर. लेखकांमध्ये. पाचवं."

"बरं. दार लाव," मावशी म्हणाल्या, सूक्ष्मदर्शकाला डोळे लावले आणि एकाच बशीतल्या पेशी तीन वेळा मोजल्या. तिन्ही वेळा आकडा वेगळा आला.

लगबग म्हणजे विषाणूंवर संशोधन करणाऱ्या गटाच्या प्रमुख मॅडमची विद्यार्थिनी. जिना एकेक पायरीने उतरताना तिला कुणी पाहिलं नव्हतं, म्हणून हे नाव. पोरगी हुशार, मनाची स्वच्छ, फक्त पायाला भिंगरी. आपलं काम तिने मावशींना पहिल्याच महिन्यात समजावलं होतं.

"पेशीच्या मधोमध एक जाड ग्रंथ असतो ना मावशी, तो जागचा हलत नाही. त्यातून कामापुरत्या चिठ्ठ्या लिहून बाहेर पाठवतात. हे बनवा, ते थांबवा. त्या चिठ्ठ्या म्हणजे आरएनए."

"तुझ्या जन्माच्या आधीपासून माहीत आहे मला. पुढे बोल."

"तर त्या चिठ्ठ्यांवर पेशी बारीक रासायनिक खुणा करते. मजकूर तोच राहतो, पण कुठली चिठ्ठी आधी वाचायची, कुठली लवकर फाडून टाकायची, ते त्या खुणांवर ठरतं. आणि विषाणू आत घुसला की या खुणा बदलतात. त्याच्या चिठ्ठ्यांवरच्या नाही, पेशीच्या स्वतःच्या! कुठल्या बदलतात ते मी शोधणार."

मावशी म्हणाल्या, "म्हणजे चोर घरात शिरतो आणि घरच्या बाईच्या यादीवर पेन्सिल चालवतो."

"मावशी! हे मी प्रबंधात घालू?"

"घाल. पण आधी ते दार लाव."

काम असं चालायचं. प्रत्येक खेपेला आठ बशा. चार आजारी पाडायच्या, चार तुलनेसाठी निरोगी ठेवायच्या. आजारी पाडायच्या बशा आजारघरात न्यायच्या, त्यांच्यावर विषाणू घालायचा, आणि तो पेशींना चिकटावा म्हणून बशा तासभर तिथल्या काचेच्या पेटीत उघड्यावर ठेवायच्या. मग पाच तास तिथल्या उबदार कपाटात. मग पेशी फोडून चिठ्ठ्या बाहेर काढायच्या आणि यंत्राकडून खुणा मोजून घ्यायच्या. निरोगी बशांसाठी लगबगच्या वहीत एकच ओळ होती: 'विषाणू सोडून बाकी सर्व तसेच.' मावशी तसंच करायच्या, अगदी मिनिटाला मिनिट. तिकडे विषाणू घातला की इकडे त्या साधं पाणी घालायच्या, दर पंधरा मिनिटांनी बशा उबेतून काढून हलवायच्या आणि परत ठेवायच्या. फक्त हे सगळं त्या पाळणाघरात करायच्या. निरोगी बशा आजारघरात? शक्यच नाही. लगबगला त्यात काही वावगं वाटलं नाही, कारण संस्थेत सगळ्यांच्याच निरोगी बशा अशा मावशींच्या नजरेखाली राहात आल्या होत्या.

अडीच वर्षांत तीनशे बारा चिठ्ठ्या सापडल्या, ज्यांच्यावरच्या खुणा आजारी बशांत वेगळ्या होत्या. मॅडम कधी कुणाचं तोंडावर कौतुक करायच्या नाहीत, त्यांनीही "हं, चांगलं आहे" असं म्हटलं. निबंध बावीस पानांचा झाला. शुक्रवारी तो पाठवायचा ठरला. घरी यजमानांनी कोऱ्या बावीस पानांचा गठ्ठा करून जाडी मोजली, गर्द हिरव्या कापडाचा पुठ्ठा तयार केला आणि पाठीवर नावापुरती जागा मोकळी सोडली.

"अहो, अजून छापून आला नाही तो. इतकी काय घाई?" मावशी म्हणाल्या.

"डिंक वाळायला वेळ लागतो," यजमान म्हणाले.

आता घोटाळा कुठे झाला ते सांगायला हवं.

त्या शुक्रवारच्या तीनेक आठवडे आधी लगबगने चार बशा आजारघरात नेल्या, पेटीत मांडल्या, आणि विषाणूची कुपी काढायला गेली तर कुपीला तडा गेलेला. दुसरी कुपी शोधण्यात तास गेला. ती मिळाली नाहीच. बशा तशाच बसून राहिल्या. नियमाप्रमाणे त्या पाळणाघरात परत येऊ शकत नव्हत्या, आणि पेशी टाकून दिलेल्या मावशींना खपत नाहीत हे लगबगला ठाऊक होतं. म्हणून तिने त्या पाच तास तिथल्याच कपाटात ठेवल्या आणि चिठ्ठ्या काढायच्या रसायनांच्या नव्या किटवर हात बसवायला म्हणून त्यांच्या चिठ्ठ्या काढल्या. त्यांचे आकडे निबंध जायच्या आठवड्यात, सोमवारी आले.

"किट एकदम भंगार निघालं मावशी," ती हसत हसत सांगत आली. "ज्या बशांनी विषाणू बघितलाही नाही, त्यांच्यात दोन-अडीचशे खुणा बदललेल्या दाखवतंय. आजाऱ्यांसारख्याच. मी विषाणूची तपासणीसुद्धा केली, शून्य! परत पाठवते ते किट."

"पाठव," मावशी म्हणाल्या. पण त्यांचा हात खुराकाच्या बाटलीवर तसाच राहिला. किट चुकतं तेव्हा वेडंवाकडं चुकतं. बरोबर त्याच चिठ्ठ्यांवर कसं चुकेल?

मंगळवारी उत्तर मिळालं, आणि ते एका स्वेटरने दिलं.

आजारघर गार असायचं. विषाणू चुकून बाहेर पडू नये म्हणून तिथली हवा एक मोठा पंखा सतत खेचून गाळून सोडायचा, आणि त्यामुळे आत कायम हुडहुडी भरायची. बाहेरच्या छोट्या खोलीत खुंट्या होत्या आणि प्रत्येकाचा एकेक स्वेटर. आधी स्वेटर, वरून गाऊन, मगच आत. मावशींचा तपकिरी स्वेटर त्या खुंटीवर अकरा वर्षं होता. निवृत्तीनंतर तो लगबगला द्यायचा म्हणून त्यांनी सोमवारी धुवायला घरी नेला होता. मंगळवारी तिथल्या कपाटातलं पाणी बदलायला त्या नुसत्या गाऊनवर आत गेल्या, आणि दोन मिनिटांत दंडावर काटा उभा राहिला. त्यांनी दंड चोळले. समोर काचेची पेटी होती, पंखा घरघरत होता, आणि त्यांच्या मनात आलं: आपण सगळे इथे स्वेटर घालून येतो. बशांना कोण घालतं?

त्यांनी उबदार कपाटातून नुसत्या पाण्याची एक बशी काढली, पेटीत ठेवली, तिच्यात तापमापक बुडवला आणि शेजारी स्टुलावर कुडकुडत बसल्या. निघताना सदतीस अंश होतं. तासाने एकोणीस झालं. पाळणाघरात, उबेतच, त्यांच्या निरोगी बशा त्या तासात कधी छत्तीसच्या खाली गेल्या नसत्या. म्हणजे आजारी बशा फक्त आजारी पडत नव्हत्या, गारठतही होत्या. गारठलं की पेशीही आपल्या चिठ्ठ्यांवर नव्या खुणा करणारच. विषाणूच्या नावावर ज्या तीनशे बारा लागल्या होत्या, त्यांतल्या बहुतेक नुसत्या हुडहुडीच्या होत्या.

पूर्वीच्या लोकांचं यात काही बिघडलं नव्हतं. ते तीन दिवसांनी मेलेल्या पेशी मोजायचे. तासभराच्या गारठ्याने त्यात काय फरक पडणार? पण ही पोरगी सहा तासांत काय बदललं ते बघत होती, आणि तेही इतकं बारीक. जुनी चाल नव्या कामाला लागू पडत नव्हती. आणि ती चाल पाडली होती मावशींनी. ज्या नियमाचा त्यांना इतका अभिमान, त्यानेच घात केला होता.

बुधवारचा पूर्ण दिवस त्या गप्प राहिल्या. हे लपवण्यात अर्थ नाही. मावशी चांगल्या होत्या, पण देवमाणूस नव्हत्या. शुक्रवारी निबंध गेला की पाचवं नाव त्यांचं. आता सांगितलं तर निबंध थांबणार, सगळं पहिल्यापासून करायचं, आणि त्यांच्या निवृत्तीला बरोबर सतरा दिवस उरलेले. शिवाय ज्या बाईमुळे अडीच वर्षं वाया गेली, तिचं नाव कोण ठेवील? आणि न सांगितलं तर? कुणाला कळणार होतं? किट भंगार होतं, असं सगळ्यांनी मानलंच होतं. घरी त्या हिरव्या पुठ्ठ्याकडे त्यांनी दोनदा पाहिलं. यजमानांनी "काय इतर" म्हणून हाक मारली, तर त्या हसल्या नाहीत.

"बरं नाही का गं?"

"बरी आहे हो. माझ्या हातून एक मोठी चूक झालीये कामात."

"निस्तरता येण्यासारखी आहे?"

"आहे. पण नाव जाईल."

यजमान थोडा वेळ पुठ्ठ्याच्या कडेवरून अंगठा फिरवत राहिले. "एकदा एका जाड ग्रंथाची पानं मी उलटी शिवली होती. वर्ख लावून झाल्यावर लक्षात आलं."

"मग काय केलंत?"

"काय करणार? उसवला. रडलो थोडासा. चहा टाकू?"

गुरुवारी सकाळी मावशींनी लगबगला पाळणाघरात बोलावलं, दार स्वतः लावलं आणि सगळं सांगितलं. स्वेटर, तापमापक, सदतीस, एकोणीस. लगबग आयुष्यात पहिल्यांदा एका जागी उभी राहिली. तिचा चेहरा तोंडात मारल्यासारखा झाला.

"अडीच वर्षं, मावशी," ती शेवटी म्हणाली. "मी वहीत लिहिलं होतं ना, बाकी सर्व तसेच?"

"लिहिलं होतंस."

"मग?"

"मी खोली धरलीच नाही त्यात. मला वाटलं, मी त्यांना जपतेय." मावशी म्हणाल्या. "माझं नाव काढून टाक. ते बरोबर होईल. पण उद्या पाठवू नकोस, एवढं ऐक."

लगबग निघून गेली. दार उघडंच टाकून. मावशींनी उठून ते लावलं आणि तिथेच पाठ टेकून रडून घेतलं.

मॅडमच्या खोलीत मात्र वेगळंच झालं. मॅडम अठरा वर्षांपूर्वी याच पाळणाघरात मावशींच्या हाताखाली पेशी वाढवायला शिकल्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं, चष्मा काढला, डोळे चोळले.

"माझ्या प्रबंधातल्याही निरोगी बशा पाळणाघरातच होत्या," त्या म्हणाल्या. "मलाही सुचलं नाही. तुम्हाला किती दिवस आहेत मावशी?"

"सोळा. सुट्टीचे धरून."

"तीन खेपा होतील?"

"पेशी मी आजच वाढवायला घेते."

"निरोगी बशा आजारघरात न्याव्या लागतील."

"नेते."

म्हणणं सोपं होतं. सोमवारी आठ बशांचा ट्रे घेऊन मावशी कॉरिडॉरमधून निघाल्या, तेव्हा आजारघराच्या दाराशी त्यांचे पाय अडले. चार बशांचं ठीक होतं, त्या आजारी पडायलाच चालल्या होत्या. पण उरलेल्या चार? वीस वर्षांत निरोगी बशी या उंबऱ्याच्या आत गेली नव्हती. लगबग आतून दार धरून उभी होती. गुरुवारपासून ती कामापुरतंच बोलत होती.

"या ना मावशी."

"निरोगींना आधी हात लावायचा. त्यांचं सगळं उरकलं की मग विषाणू उघडायचा. दर बशीला नवे हातमोजे. आणि ट्रेवर या डाव्या कोपऱ्यात, आजारी उजव्या. मधे वीतभर जागा."

"हो."

"घाई करायची नाही."

लगबगच्या तोंडावर चार दिवसांत पहिल्यांदा हसू उमटलं. "नाही करत."

आणि तिने खरंच केली नाही. तो तासभर दोघी पेटीसमोर दोन स्टुलांवर बसून राहिल्या. मावशींचा धुतलेला स्वेटर लगबगच्या अंगावर होता आणि मावशींनी घरून एक जाड शाल आणली होती. आठही बशा एकाच गारठ्यात. संध्याकाळी निरोगी बशांची विषाणूसाठी तपासणी झाली. शून्य आलं, तेव्हा मावशींचा जीव भांड्यात पडला.

तिसऱ्या खेपेचे आकडे मावशींच्या शेवटच्या आठवड्यात आले. लगबग जिना एकेक पायरीने चढून आली, त्यावरूनच मावशींना वाटलं, संपलं.

"तीनशे बारापैकी एक्केचाळीस उरल्या," ती म्हणाली.

"एवढ्याच?"

"एवढ्याच. पण बघा ना, मावशी." तिने कागद टेबलावर पसरला. "आधी त्या गर्दीत काही दिसतच नव्हतं. आता या एक्केचाळीसांतल्या तेहतीस एकाच कामाच्या आहेत. शेजारच्या पेशींना सावध करायच्या चिठ्ठ्या. विषाणू आला की नेमक्या त्यांच्यावर खुणा पडतात आणि त्या लवकर फाडल्या जातात. तिन्ही खेपांत. त्याच!"

मावशींनी कागद जवळ ओढला. आकडे त्यांना वाचता येत होते. तेहतीस ओळी, तिन्ही रकान्यांत सारख्या.

"म्हणजे चोर यादीवर पेन्सिल चालवतो, पण सगळीकडे नाही," त्या म्हणाल्या. "फक्त शेजाऱ्यांना हाक मारायची ओळ खोडतो."

"मी रडू का हसू, कळत नाहीये."

"दोन्ही कर. दार लावलेलं आहे."

दोघींनी दोन्ही केलं. नावाचा विषय मावशींनी काढला नाही, लगबगनेही काढला नाही. पाच दिवसांनी मावशी निवृत्त झाल्या. संचालकांनी भाषण केलं आणि त्यात ते दाराचं प्रकरण स्वतःच सांगून सगळ्यांना हसवलं. मावशींनी पाळणाघराची किल्ली नव्या मुलाच्या हातात ठेवताना नियम सांगितला: आजारघरात गेलेली बशी परत यायची नाही. नियमाचा दुसरा अर्धा भाग त्यांनी सांगितला नाही. तो आता राहिला नव्हता.

घरी दिवस मजेत जाऊ लागले. सकाळी उशिरा उठायचं असं त्यांनी ठरवलं होतं, ते काही जमलं नाही. कुंड्यांतल्या रोपांना त्या ठरल्या वेळी पाणी घालायच्या आणि यजमानांना दुकानाचं दार नीट लावायला सांगायच्या. हिरवा पुठ्ठा कपाटावर होता. त्याबद्दल कुणी बोलत नव्हतं. मावशींनी मनाची समजूत घातली होती की चूक आपली होती, ती सांगितली, काम बरोबर झालं. आणखी काय हवं? समजूत दिवसा पटायची. संध्याकाळी चहाच्या वेळी थोडी कमी पटायची.

आठ महिन्यांनी एका दुपारी जिन्यावर धाडधाड पावलं वाजली. लगबग. अंगात तपकिरी स्वेटर, तोही भर उन्हाळ्यात, मुद्दाम दाखवायला. तिने हातातला लिफाफा मावशींच्या मांडीवर टाकला.

"आला. कागदावर छापून आणलाय, तुम्हाला पडद्यावर वाचायला आवडत नाही म्हणून."

"काय बडबडतेस? श्वास घे आधी."

निबंध तेरा पानांचा होता. मावशींनी चष्मा लावला. पहिल्या पानावर, शीर्षकाच्या खाली, पाचव्या जागी त्यांचं नाव होतं. पूर्ण, माहेरचं नाव मधे घालून, त्यांना हवं होतं तसं.

"मी तुला काढायला सांगितलं होतं," त्या म्हणाल्या.

"मॅडमनी विचारलं, ही चूक शोधली कोणी? मी म्हटलं, मावशींनी. त्या म्हणाल्या, मग विषय संपला. आणि हे बघा." लगबगने चौथं पान उघडून एका ओळीवर बोट ठेवलं.

मावशींनी वाचलं: 'निरोगी पेशींच्या बशाही त्याच खोलीत, त्याच पेटीत, तितकाच वेळ ठेवल्या.' त्यांनी ती ओळ परत वाचली. जगात कुठेतरी कुणीतरी हे वाचून आपल्या बशांचं तसंच करणार होतं, आणि त्या माणसाला दारात अडलेले त्यांचे पाय कधी कळणार नव्हते.

लगबग गेल्यावर यजमानांनी ती तेरा पानं हातात घेऊन जाडी पाहिली, पुठ्ठा खाली काढला, पाठ उसवली आणि नव्या मापाने कापायला घेतली. मावशींनी त्यांना चौथ्या पानावरची ओळ दाखवली आणि तिच्यामागचं सगळं पहिल्यांदा सविस्तर सांगितलं. यजमानांनी ऐकलं, ओळ बोटाने वाचली, आणि त्यांचे डोळे भरून आले.

"मग पाठीवर हेच छापू का?" ते म्हणाले. "त्याच खोलीत, त्याच पेटीत, तितकाच वेळ. नावापेक्षा मोठं आहे हे. शोभेल."

मावशींनी त्यांच्याकडे पाहिलं.

"अहो," त्या म्हणाल्या, "नाव छापा गुपचूप. एकतीस वर्षं वाट बघितलीये मी."

यजमानांनी वर्खाची डबी उघडली.